कडता

स्मरणिकेसाठी दोन पानं मागितलीत तुम्ही,
नगरपालिकेला शंभर वर्षं झाली म्हणून.
मी सुपडू रूपचंद चौधरी, निवृत्त तोलार,
बाजार समिती, काटा नंबर तीन.
मला इतिहास येत नाही. वजनं येतात.

आधी इथे तापीचा उतार होता
आणि सातपुड्यातून डिंक घेऊन उतरणारी माणसं.
मग रेल्वे आली, तीही गावासाठी नाही, कापसासाठी;
म्हणून स्टेशन अजून गावापासून दीड मैल लांब
आणि जिनिंगच्या फाटकाला चिकटून.
मधल्या मोकळ्या जागेत शहर नंतर भरत गेलं,
बोदऱ्यात कापूस भरतात तसं,
पायांनी तुडवून.

भोंगा सकाळी सहाला व्हायचा.
आमच्या आळीत तारखा कुणाला ठाऊक नव्हत्या:
पहिल्या भोंग्याची कमल,
दुसऱ्याच्या जरा आधीचा मी.
आई रेच्यावर होती.
संध्याकाळी भुवयांवर कापूस घेऊन
म्हातारी होऊन यायची,
तोंड धुतलं की पुन्हा तिशीची.
खोकला तेवढा धुतला जायचा नाही.

मण-शेर जाऊन किलो आले
त्या हंगामात मी काट्यावर बसलो.
शेतकरी दोन्ही हिशेब बोटांवर करायचे
आणि दोन्हीत हरायचे,
कारण माप नवं असलं तरी कडता जुनाच होता:
क्विंटलमागे दोन किलो.
ओल म्हणून, धूळ म्हणून, बारदान म्हणून,
यातलं काहीच नसलं तर रीत म्हणून.
कापायचो मीच. माझं अक्षर चांगलं होतं.

नदीकाठचा दगा भिका एकदा
काट्यावर हात ठेवून म्हणाला,
"कापूस मन्हा, काटा तुन्हा,
देव कोना रे भाऊ?"
मी पावती फाडून दिली.
मागे गाड्यांची रांग पार नाल्यापर्यंत होती.

प्रेसला आग लागली ते साल तुमच्या दप्तरात असेल.
बंब आला, एका रात्रीत विझली असं लिहिलंही असेल.
पण दाबलेल्या गाठीच्या पोटात आग
आठ-आठ दिवस जगते;
वर हात ठेवला तर गार.
आमच्याकडे भांडणंही तशीच.
लग्नात टॉवेल-टोपी चुकली म्हणून
आमच्या शेजारचे दोघं भाऊ
सत्तावीस वर्षं एकाच ओट्यावर
एकमेकांकडे पाठ करून बसले,
आणि एकाच किटलीतला चहा प्यायले.

कडत्याचा पैसा धर्मादाय फंडात जायचा.
त्यातूनच हायस्कूल उभं राहिलं,
दवाखान्याची पुढची पडवी,
आणि जिथे आता मोबाईलचं दुकान आहे ती पाणपोई.
दारावर संगमरवरी पाटी आहे,
शेठजींच्या उदार देणगीची.
शेठजी वाईट नव्हते. उन्हाळ्यात तोलारांना ताक द्यायचे.
माझी लेक त्याच शाळेत बीजगणित शिकली,
पहिली आली, पेढे मी काट्यावरच वाटले.
फळ्याखालच्या विटांत एखादी दगाची असेल,
हे तिला तेव्हा सांगितलं नाही.

आता जिनिंगच्या जागी मंगल कार्यालय आहे.
वरातीत कुणी जोरात शिंकलं
की मला वाटतं, कुठेतरी तंतू राहिलाय.
रात्री दोनला केळीचे ट्रक उत्तरेकडे निघतात,
काटा बिनमाणसाचा, लाल आकड्यांचा.
वांगी मात्र अजून पऱ्हाटीवरच भाजतात;
गॅसवरचं भरीत पाहुण्याला वाढलं
तर ठरलेली सोयरीक मोडेल, असं हे शहर.

मजकूर दोन पानांहून जास्त झाला असेल.
कापा. तुम्हाला सवय आहे, मलाही आहे.
ओल धरा, धूळ धरा, बारदान धरा,
आईचा खोकलाही काढा हवं तर.
फक्त दगा भिकाचं नाव राहू द्या.
त्याचे दोन किलो
माझ्याकडे निघतात.